कृष्णकमळ : भुंग्याच्या पाठीच्या मापाचं फूल

[दृश्य : कोथरूडमधल्या एका सोसायटीचं कुंपण, त्यावर चढलेला वेल. सकाळची वेळ.]

पावसाळ्यात पुण्यातल्या कुंपणांवर आणि गच्च्यांच्या जाळ्यांवर कृष्णकमळ फुलतं. घरातलं मोठं माणूस मग मुलांना मोजायला लावतं. भोवतीचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, वरचे पाच ते पांडव आणि सगळ्यात वर ब्रह्मा, विष्णू, महेश. ही मोजणी फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे फुलाकडे नीट पाहिलं जातं.

आपणही तसंच मोजू.

[दृश्य : फूल अगदी जवळून, बाहेरून आत.]

सगळ्यात खाली दहा पाकळ्या दिसतात. पण खऱ्या पाकळ्या पाचच. उरलेली पाच निदलं, म्हणजे कळीवरचं आवरण. त्यांची पाठ हिरवट असते. कौरव मात्र ना पाकळ्या, ना पुंकेसर. ही तंतूंची झालर या प्रजातीची, म्हणजे पॅसिफ्लोरा या जातींच्या गटाची, खास ओळख आहे. मधोमध एक खांब उभा असतो. बहुतेक फुलांत पुंकेसर तळाशी उगवतात. इथे पाच पुंकेसर आणि अंडाशय असे दोन्ही त्या एकाच खांबावर उचलून धरलेले असतात. अंडाशयाच्या डोक्यावर तीन कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारी टोकं. आणि परागकोशांची, म्हणजे पुंकेसरांच्या टोकांवरच्या परागाच्या पिशव्यांची, तोंडं खाली वळलेली.

खाली का?

[दृश्य : काळा भुंगा फुलावर उतरतो. संथ गती.]

याच्यासाठी. सुक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहणारा हा मोठा काळा भुंगा झालरीवर उतरतो, मधाच्या कप्प्यात तोंड खुपसतो आणि मध पीत गोल फिरतो. तेवढ्यात वरचे परागकोश त्याच्या पाठीला घासतात. छोटी मधमाशी त्याच फुलात आली, तर परागकोशांच्या खालून निघून जाते. तिच्या पाठीला काही लागतच नाही.

फूल उमलतं तेव्हा तिन्ही कुक्षी वर असतात. थोड्या वेळाने त्या वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. आता दुसऱ्या फुलातून पराग घेऊन आलेल्या भुंग्याची पाठ त्यांना लागते. हे सगळं एका दिवसात उरकावं लागतं, कारण फूल तेवढंच टिकतं.

या प्रजातीत सुमारे ५५० जाती आहेत, बहुतेक अमेरिका खंडांतल्या. अँडीज पर्वतातल्या काही जातींच्या फुलांची नळी इतकी लांब, की तिथला मध तलवारीसारख्या चोचीचा एक हमिंगबर्डच पिऊ शकतो.

[दृश्य : तणाव्याचं टोक तारेभोवती वळताना. टाइम लॅप्स.]

तणावा, म्हणजे आधार पकडणारा वेलाचा दोरा, तोही पाहण्यासारखा असतो. टोक हवेत फिरत राहतं आणि आधार लागला की त्याला विळखा घालतं. मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळून वेलाला ओढून घेतो. अर्धी वेटोळी एका दिशेने आणि अर्धी उलट, म्हणून तणावा पिळून तुटत नाही.

[दृश्य : शहराच्या कडेचं माळरान.]

इथे तणासारखी पसरलेली जंगली जात दिसते. कळीभोवती चिकट, पिसासारखी जाळी असते, त्यात बारीक किडे अडकतात. पानांमध्ये विषारी द्रव्यं असतात, तरी टॉनी कॉस्टर या नारिंगी फुलपाखराच्या काटेरी अळ्या तीच पानं खाऊन वाढतात. पानं कुरतडलेली दिसली तर फवारणीआधी जरा थांबा.

[दृश्य : गच्चीवर पॅशनफ्रूटचा वेल. दुपार.]

पॅशनफ्रूटही याच प्रजातीतलं. "वेल फुलतो, पण फळ धरत नाही," ही गच्चीवर बाग करणाऱ्यांची नेहमीची तक्रार. पिवळ्या फळाच्या वेलाला स्वतःचा पराग चालत नाही. त्याच वेलाची फांदी लावून केलेलं दुसरं रोपही उपयोगाचं नाही. बियांपासून वाढलेला वेगळा वेल लागतो. याची फुलं दुपारच्या सुमारास उमलतात. कुक्षी खाली वाकल्या, की मऊ कुंचल्याने त्या दुसऱ्या वेलाचा पराग तिन्हींवर लावा. भुंगे येत असतील, तर कुंचलाही लागणार नाही.