सोडियमचा हक्क आधी

एमआरआय म्हटलं की आपण हायड्रोजनचाच विचार करतो आणि ते साहजिकच आहे, शरीरात पाणी भरपूर, सिग्नल दणदणीत. पण गुडघ्याची कुर्चा झिजायला लागते तेव्हा तिच्यातले प्रोटिओग्लायकन, म्हणजे प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्यांचे मोठे रेणू, आधीच कमी व्हायला लागतात, आणि त्यांच्या ऋण भारामुळे तिथे टिकून असलेलं सोडियमही कमी होतं, म्हणजे जाडी घटायच्या आधीच खबर मिळू शकते. ती मिळवायची तर कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारं तारेचं वेटोळं, वेगळी लागते, कारण ३ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजन साधारण १२७.७ मेगाहर्ट्झला सिग्नल देतो आणि सोडियम ३३.८ ला.

आता सिग्नल बघा. निरोगी कुर्चेतही सोडियम फक्त २५० ते ३०० मिलिमोलर (लिटरमागे मिलिमोल), त्यात सारख्या संख्येला ते हायड्रोजनच्या जेमतेम ९ टक्के सिग्नल देतं, आणि त्यातला बराचसा काही मिलिसेकंदांत विरतो. वाया घालवायला इथे काहीच नाही.

मग सोडियमच्या कॉइलसोबत हायड्रोजनचा चॅनल, म्हणजे त्याची वेगळी कॉइल, ठेवायचाच कशाला? तर शिमिंगसाठी, म्हणजे चुंबकक्षेत्र एकसारखं करायला, आणि कुर्चा नेमकी कुठे आहे ते बघायला. मधेच पेशंटला उठवून कॉइल बदलली की दोन्ही चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. पण दोन कॉइल जवळ आल्या की एकमेकींची ऊर्जा खेचतात, म्हणून सोडियमच्या लूपमध्ये, म्हणजे कॉइलच्या वेटोळ्यात, ट्रॅप टाकतात, म्हणजे एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर समांतर जोडून १२७.७ ला ट्यून केलेले, तिथे हायड्रोजनचा करंट अडतो. छान वाटतं ना? पण ३३.८ ला हाच ट्रॅप एक छोटा इंडक्टर होऊन बसतो आणि त्याचा रेझिस्टन्स थेट सोडियमच्या वाटेत येतो. इंडक्टर मोठा घेतला तर अडवणूक चांगली पण नुकसान जास्त, छोटा घेतला तर उलट.

हे नुकसान इतकं का बोचतं ते नेटवर्क ॲनालायझरवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला कॉइल कशी वागते ते मोजणारं यंत्र) दिसतं. समजा सोडियमच्या छोट्या लूपचा क्यू (साठवलेल्या ऊर्जेच्या मानाने नुकसान किती कमी ते सांगणारा आकडा) लूप रिकामा असताना २०० आहे आणि गुडघा ठेवल्यावर १५० झाला. म्हणजे तीन चतुर्थांश रेझिस्टन्स आपल्याच तांब्याचा, कपॅसिटरचा, सोल्डरचा, आणि एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) स्वतःचा रेझिस्टन्स नसलेल्या आदर्श कॉइलच्या निम्मा. हायड्रोजनला हाच क्यू ३०० वरून ५० वर येत असेल तर तिथे शरीराचाच नॉइज इतका असतो की थोडा जास्तीचा रेझिस्टन्स खपून जातो. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, तडजोड हायड्रोजनने करायची. जमेल तिथे ट्रॅप त्याच्या कॉइलमध्ये टाका, किंवा सोडियमच्या लूपवर हायड्रोजनची आठच्या आकड्यासारखी फुलपाखरू कॉइल नीट मध्यावर बसवा, तिच्या दोन पाकळ्यांचं फ्लक्स लूपमध्ये एकमेकांना खोडतं आणि बऱ्याचदा ट्रॅप लागतच नाही.

आणि एक कराच. हायड्रोजनची कॉइल लावायच्या आधी एकट्या सोडियमच्या कॉइलने मिठाच्या पाण्याचा फँटम, म्हणजे चाचणीचा नमुना, स्कॅन करून एसएनआर लिहून ठेवा, मग ती लावून परत मोजा. हे दोन आकडे शेजारी नसतील तर दोन्ही चॅनल मस्त चालतात हे म्हणणं मला पटत नाही.