जिन्यातली भिंत

(माहितीपटाचं निवेदन)

(अंधार. टॉर्चचा झोत भिंतीला चिकटून सरकतो.)

टॉर्च समोरून मारला तर ही भिंत सपाट दिसते. तोच भिंतीला टेकवून आडवा धरला की थापी उठून येते. हे वळसे बघा. डावीकडून वर, मग उजवीकडे खाली, प्रत्येक वळसा हातभर. गवंड्याचं कोपर जिथवर फिरलं, तिथवरच तो गेलाय.

शनिवार पेठेतल्या एका वाड्याचा हा जिना. भिंतीच्या जाडीतच काढलेला, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. टॉर्च धरणारी मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला ही भिंत कॉम्प्युटरमध्ये न्यायची आहे.

(स्क्रीन. तयार टेक्श्चरच्या, म्हणजे पृष्ठभागांच्या चित्रांच्या, रांगा.)

तशा भिंती कॉम्प्युटरमध्ये हव्या तेवढ्या मिळतात. स्केचअप हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर उघडा, वीट निवडा, भिंतीवर ओता, झालं. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे हेच करतात आणि सकाळी अख्ख्या वर्गाच्या शीटवर एकच लाल वीट दिसते. पुण्यातली शाळा असो की कोकणातलं रिसॉर्ट. ती वीट कुठल्या देशातली, हे कुणी विचारत नाही.

(शनिवारवाड्याचा तट.)

आपल्याकडे खाली काळा घडीव दगड आणि वर वीट. तीही आजच्यापेक्षा पातळ. सॉफ्टवेअरमधल्या तयार टेक्श्चरच्या लायब्ररीत ही वीट नाही. काळा दगड आहे, पण कोळशासारखा काळाकुट्ट. आपला बेसॉल्ट कोरडा असताना करडा असतो आणि पावसात काळा होतो, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. स्क्रीनवर मात्र तो बाराही महिने भिजलेला.

(ढगाळ सकाळ. वाड्याचा चौक.)

फोटो ढगाळ हवेतच काढायचे. ऊन आलं की सावली आली, आणि फोटोत आलेली सावली कायमची. सकाळच्या उन्हात फोटो काढला, तर मॉडेलमधला सूर्य मावळतीला नेला तरी खिळ्याची सावली मावळतीकडेच पडते. कॅमेरा भिंतीला समांतर. एका फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोत यायला हवा, कारण दोन्हींत दिसणारे तेच ठिपके जुळवूनच सॉफ्टवेअर भिंतीचा उंचसखलपणा काढतं.

चौकात हे जमलं. जिन्यात ढग कुठून आणणार? तिथे तिने चादरी टांगल्या आणि त्यांच्यावर लाईट मारला.

"आजी, अजून एक चादर मिळेल?"

"ने गं. पण चुना लागू देऊ नकोस."

(स्क्रीन. ठिपक्यांचा ढग, त्यातून भिंत.)

पुढचं काम ब्लेंडरमध्ये. हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे. 2002 साली लोकांकडून एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड खुला केला गेला. वर्गणीची ताकद पेठांना वेगळी सांगायला नको.

मॉडेलचा पृष्ठभाग आधी सपाट उलगडावा लागतो. शिंपी कापड बेततो तसं, शिवण कुठे येईल ते ठरवून. मग त्यावर चित्र चढवायचं. ही युक्ती एड कॅटमुल यांनी 1974 साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. पण चित्र चढवलं तरी भिंत सपाटच राहते, नुसता फोटो चिकटवलेली. 1978 साली जिम ब्लिन यांनी दाखवलं की पृष्ठभाग खरोखर उंचसखल करायची गरज नाही. उजेड कोणत्या दिशेला परततो तेवढं बदललं की डोळ्याला खड्डे दिसतात.

(निळी-जांभळी भिंत पूर्ण फ्रेममध्ये.)

हा रंग त्या दिशांचा. सपाट जागा फिकट निळी-जांभळी, आणि कडा जिकडे वळते तिकडे लाल-हिरव्याचं प्रमाण बदलत जातं. चुन्याचे पोपडे, कोनाड्याची कड, थापीचे वळसे, सगळं यात आहे.

(काळी-पांढरी भिंत.)

आणि हा खडबडीतपणाचा नकाशा. पांढरं म्हणजे खरखरीत, काळं म्हणजे गुळगुळीत. जिन्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला हा काळा पट्टा बघा. वर चढणाऱ्यांचे खांदे आणि तळहात तिथे घासले गेलेत. फोटोतून हा नकाशा नीट निघत नाही. तिने तो पायरीपायरीवर बसून, टॉर्च फिरवत, हाताने रंगवला. आमच्या मते सगळ्या कामातलं हे सर्वात चांगलं चित्र आहे, म्हणून ते इथे जरा जास्त वेळ ठेवलंय.

(तीच भिंत, एकाशेजारी एक, पुन्हा पुन्हा.)

अडचण इथे सुरू होते. टेक्श्चर म्हणजे फरशीसारखं एकापुढे एक लावायचं. भिंत लांबली की तोच पोपडा पुन्हा येतो, तोच खिळा पुन्हा येतो. ते टाळायचं तर खिळा पुसा, काजळी पुसा, पट्टा पुसा. सगळं पुसल्यावर उरते ती कुठलीही भिंत. लायब्ररीतल्यासारखीच.

म्हणून तिने पुसणं सोडलं आणि भिंत पहिल्यापासून बांधायला घेतली.

(गवंडीकाका. विटांचा छोटा तुकडा, घमेलं, थापी.)

वाड्यांच्या दुरुस्तीची कामं केलेले हे गवंडीकाका. कळीचा चुना विझवून मुरवलेला, त्यात वाळू, गूळ, बेलफळाचं पाणी. ती थेट चुना लावायला निघाली, तर त्यांनी हात धरला.

"ताई, वीट तहानलेली असली तर चुन्यातलं पाणी पिऊन टाकते. आधी तिला पाजा."

(वरून घेतलेलं दृश्य: थापीचा हात.)

कॅमेरा वर टांगला होता. हाताचा माग तिने फ्रेममागून फ्रेम काढला. वाळूचे कण, ओल, बारीक चिरा यांच्यासाठी केन पर्लिन यांची 1985 साली प्रसिद्ध झालेली पद्धत पुरते. ती आकड्यांमधून असा विस्कळीतपणा तयार करते की नैसर्गिक वाटावा. थापी मात्र विस्कळीत नसते. तिला खांदा असतो, कोपर असतं, उभं राहायची जागा असते. तेव्हा कॉम्प्युटरमध्ये वळसे काकांच्या हातावरून, कण पर्लिनच्या गणितावरून, आणि थर काकांनी दिले त्याच क्रमाने: आधी वीट, मग गिलावा, मग चुन्याचा हात. वळशांची जागा दर वेळी थोडी बदलते. भिंत हवी तेवढी लांबवा, तोच तुकडा परत येत नाही.

खांद्याचा काळा पट्टा या भिंतीवर नाही. तो मूळ फाइलमध्ये, एकट्या त्या जिन्यासाठी ठेवलाय.

(वाडा उतरवताना. तुळया, कौलं, चौक. निवेदन नाही.)

वाडा मे महिन्यात उतरवला. आजी मुलाकडे कोथरूडला राहतात. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे, मार्क बरे मिळाले, "यात डिझाइन कुठे आहे?" हा प्रश्नही आला.

(कॉलेजचा स्टुडिओ. मुलं स्क्रीनभोवती.)

फाइल्स आता ज्युनिअरांच्या पेनड्राइव्हवर फिरतायत. एकाने ही भिंत मुळशीतल्या बंगल्याला लावली, तीही आडवी फिरवून. वळसे सगळे कुशीवर. म्हणजे त्या बंगल्याचा गिलावा गवंड्याने झोपून केला होता. तिने त्याला शेजारी बसवून काकांच्या हाताचा व्हिडिओ दाखवला. सबमिशनला दोन तास होते, त्याने फाइल सरळ केली आणि सगळे रेंडर, म्हणजे मॉडेलवरून निघणारी चित्रं, पुन्हा लावले.