पंधरा आज्ञांचा इतिहास

सिनाई पर्वतावर मोझेस उभा आहे. त्याच्या हातांत तीन शिलापट्ट्या आहेत आणि देवाने दिलेल्या पंधरा आज्ञांची घोषणा तो मोठ्या आवेशाने करू लागतो. इतक्यात एक पट्टी निसटून फुटते, आणि मोझेस तिथल्या तिथे आकडा बदलून दहा आज्ञा जाहीर करतो. १९८१ साली प्रदर्शित झालेल्या 'हिस्ट्री ऑफ द वर्ल्ड, पार्ट वन' या अमेरिकी विनोदी चित्रपटातला हा प्रसंग अगदी छोटा आहे, पण जे आपण अटळ आणि पवित्र मानत आलो, ते एका निसटत्या हाताने ठरले असेल तर काय, हा प्रश्न तो धीटपणे विचारतो.

चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती मेल ब्रुक्स यांची आहे. मोझेससह पाच भूमिकाही त्यांनीच केल्या आहेत. अश्मयुगापासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंतच्या या प्रवासाला निवेदनाचा आवाज मात्र ऑर्सन वेल्स यांचा आहे, आणि ती निवड अतिशय विचारपूर्वक केलेली दिसते. कारण पडद्यावर कितीही गोंधळ चाललेला असो, वेल्स यांचा भारदस्त स्वर जराही ढळत नाही, आणि इतिहासपटांच्या ज्या थाटाची नक्कल करायची आहे तो थाट त्यामुळे शाबूत राहतो.

रोमन साम्राज्याच्या भागात येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रसंग येतो. ब्रुक्स इथे कॉमिकस नावाच्या वाढप्याच्या भूमिकेत आहेत. शिष्य टेबलाभोवती बसलेले असताना चित्र काढण्यासाठी चक्क लिओनार्दो दा विंची येतो आणि सगळ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून सर्वांना एकाच बाजूला बसवतो. येशूच्या मागे उभ्या राहिलेल्या कॉमिकसच्या हातातले ताट मग तेजोवलयासारखे दिसू लागते. मूळ भित्तिचित्र पंधराव्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे त्या भोजनानंतर सुमारे साडेचौदाशे वर्षांनी काढलेले. तरीही तो प्रसंग आज आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो लिओनार्दोने मांडला तसाच. इथे विडंबन श्रद्धेचे नाही, भूतकाळ आपण चित्रकारांच्या आणि चित्रपटकारांच्या नजरेने पाहतो, त्या सवयीचे आहे.

सर्वांत धाडसी भाग स्पॅनिश इन्क्विझिशनचा. १४७८ साली पोपच्या संमतीने स्थापन झालेल्या या धर्मन्यायालयाचा तोमास दे तोर्केमादा हा १४८३ पासून प्रमुख होता, आणि १४९२ मध्ये धर्मांतर नाकारणाऱ्या ज्यूंना स्पेन सोडावे लागले. ब्रुक्स यांचा जन्म १९२६ साली ब्रुकलिनमधल्या ज्यू कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यातून युरोपात गेले होते. असा माणूस स्वतः तोर्केमादाच्या वेशात नाचतगात येतो, छळाच्या यंत्रांभोवती जुन्या हॉलिवूडच्या संगीतपटांसारखी झगमगीत नृत्यरचना उभी करतो आणि जोगिणींना तलावात तालावर पोहायला लावतो. अनेकांना हे असभ्य वाटले. मला मात्र हा चित्रपटाचा गाभा वाटतो, कारण ज्यांच्या पूर्वजांना त्या न्यायासनाची भीती वाटत होती, त्यांच्याच वंशातला एक कलावंत त्या न्यायासनाचा दरारा इथे पार उतरवून टाकतो.

सगळे भाग इतके धारदार नाहीत. रोमचा भाग लांबला आहे. ग्रेगरी हाइन्स यांच्या नृत्याने आणि मॅडेलिन कान यांच्या सम्राज्ञीने तो तरतो. फ्रान्सच्या भागात सोळावा लुई आणि त्याच्या दरबारातला मूत्रपात्र वाहणारा नोकर हुबेहूब एकसारखे दिसतात, आणि दोन्ही भूमिका ब्रुक्सच करतात. राजाचा मुखवटा कुणालाही चढवता येतो, हे त्याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

शीर्षकात 'पहिला भाग' असला तरी दुसरा काढण्याचा बेत नव्हता. चित्रपटाच्या शेवटी येणारी पुढच्या भागाची झलक हाही विनोदच होता. तरीही २०२३ साली तो दुसरा भाग आठ भागांची मालिका होऊन आला, आणि त्याचे निवेदन ९६ वर्षांच्या ब्रुक्स यांनी स्वतः केले.