चप्पल निसटते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

फ्लू झाला, ताप उतरला, खोकला तेवढा राहिला. आठ-दहा दिवसांनी तोच माणूस सकाळी उठतो तर तळपायांना मुंग्या. दुपारी पायातली चप्पल निसटते आणि त्याचं त्याला कळतही नाही. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. घरचे म्हणतात, "तापाचा अशक्तपणा आहे, तेल चोळा." कुणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुचवतं. माझ्याकडे येणाऱ्यांचे दोन-तीन दिवस यातच गेलेले असतात.

अशक्तपणाने माणूस गळून जातो, पण गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो. इथे मारत राहा, पाय ढिम्म.

हा गियां-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. 1916 साली दोन फ्रेंच सैनिकांवरून तिघा डॉक्टरांनी तो मांडला. तिसरे स्ट्रोल, त्यांचं नाव मात्र वाटेत गळालं. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात साथ आली आणि हे नाव घरोघरी पोचलं. तेव्हापासून जीबीएस म्हटलं की लोकांना फक्त दूषित पाणी आठवतं. पण तो फ्लूनंतर होतो, कोविडनंतरही होतो. क्वचितच, पण होतो. विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं चुकून आपल्याच नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, उठतात. म्हणूनच हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मुंग्या आणि कमजोरी पायांतून वर चढत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं, पाच दिवस शिरेतून देतात, किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलतात. जितकं लवकर, तितका उपयोग. स्टिरॉइडने इथे फायदा होत नाही. बहुतेक जण पुन्हा चालू लागतात, पण त्याला महिने लागतात, आणि फिजिओथेरपी कंटाळून सोडायची नसते.

खरी भीती श्वासाची. छातीचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. वॉर्डात आम्ही साधी गोष्ट करतो: खोल श्वास घ्यायला सांगतो आणि त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावतो. तुम्ही आता म्हणून बघा. तीसच्या पुढे सहज जाल. मात्र पेशंट घरी ठेवून हा खेळ खेळत बसू नका. आमच्याकडे सिस्टर दर काही तासांनी आकडा लिहून ठेवतात. काल रात्री अठ्ठावीस, आज पहाटे एकोणीस. पेशंट हसून म्हणतो, "डॉक्टर, मी ठीक आहे." आम्ही तोवर आयसीयूत खाट सांगितलेली असते.