म्हाताऱ्या कुत्र्याचा महिन्याचा खर्च

उठताना या कुत्र्याचे मागचे पाय कसे घसरतायत बघा. १३ वर्षांचा लॅब्राडोर आहे, त्यात गुळगुळीत टाइल्स, म्हणून घरच्यांनी हॉलपासून बाल्कनीपर्यंत जुन्या सतरंज्या आणि योगा मॅट टाकल्यात. सगळ्यात स्वस्त इलाज हाच, बाकी सगळ्याला पैसे लागतात.

पिल्लू आणताना आपण लसी विचारतो, फूड विचारतो, पण शेवटच्या तीन-चार वर्षांचं काय हे कोणी विचारतच नाही. मोठ्या जातीचं कुत्रं ७-८ वर्षांचं झालं की उतारवय लागलंच समजा, मांजरीचं थोडं उशिरा, १०-११ ला. मग सहा महिन्यांनी रक्त-लघवी तपासा, किडनी-लिव्हर बघा, सांधेदुखीची गोळी पोळीच्या तुकड्यात दडवून द्या, हार्टचं काही निघालं तर ती गोळी आयुष्यभर, आणि किडनीचं पथ्याचं फूड साध्या फूडपेक्षा बरंच महाग. लोक ऑपरेशनच्या आकड्याला घाबरतात हो, पण कंबर मोडते ती या दर महिन्याच्या खर्चानं, कारण तो थांबतच नाही.

म्हणून पिल्लू आलं त्याच महिन्यात त्याच्या नावाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम भरायचं बचत खातं, काढा. पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते, महिना १०० रुपयांपासून, १००० टाकलेत तर व्याज सोडून ६०,००० हाताशी राहतात. इन्शुरन्स घ्यायचा तर तोही लहानपणीच, म्हातारं झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं अवघड आणि आधीचा आजार सहसा कव्हर होत नाही.

मादी असेल तर नसबंदी टाळू नका, प्लीज. नसबंदी न केलेल्या कुत्रीला उतारवयात गर्भाशयात पू होऊ शकतो, पायोमेट्रा म्हणतात, तेव्हा थकलेल्या शरीराला भूल देऊन तातडीनं ऑपरेशन करावं लागतं, जीवही धोक्यात आणि खर्चही नसबंदीच्या कितीतरी पट.

आणि पैसे वाचवायला घरातली गोळी देऊ नका, पॅरासिटामॉलनं मांजर मरते, कुत्र्याला आयब्युप्रोफेनही घातक. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथेच १८८६ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेजही, लांबून लांबून लोक जनावरं घेऊन येतात, रांग लागते पण खाजगी क्लिनिकपेक्षा कमी पैशात काम होतं. तुमच्या जिल्ह्यातही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, कुत्र्या-मांजरांचं काय काय बघतात ते आजच जाऊन विचारून या.

त्याच्या शेवटाबद्दलचं बोलणं जड आहे पण ते आधीच झालेलं बरं. कुठपर्यंत उपचार करायचे, त्याला किती त्रास होऊ द्यायचा, यावर घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांसमोर एकदा बसा, रात्री कुठलं क्लिनिक उघडं असतं, गाडी कोण काढणार, पैसे कुठल्या खात्यातून, सगळं लिहून कागद फ्रीजवर लावा, म्हणजे रात्री दोन वाजता शोधाशोध नको.