फंक्शन शब्दाला जागतं

हा बॉल बघा. मी तो सरळ वर फेकला, तो वर गेला, वरच्या टोकाला क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि परत माझ्या हातात आला. एवढंच. आज मी जे काही बोलणार आहे ते जवळजवळ सगळं या एका फेकीत आहे, म्हणून बॉल इथे टेबलावरच ठेवते, अधूनमधून लागेल.

आता वर छत आहे, त्यामुळे आपण मनातल्या मनात मोकळ्या मैदानात जाऊ. जमिनीवरून बॉल सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर उडवला, हवेचा विरोध सोडून दिला, गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८ ऐवजी हिशोबाला सोपा म्हणून १० घेतला, तर कुठल्या क्षणी बॉल किती उंचीवर असेल ते सांगणारं सूत्र असं येतं: उंची = २० × वेळ − ५ × वेळ × वेळ. वेळ सेकंदात, उंची मीटरमध्ये. मी आकडे टाकते, तुम्ही तोंडी करा. ० सेकंदाला ०. १ सेकंदाला २० वजा ५, म्हणजे १५. २ सेकंदाला ४० वजा २०, म्हणजे २०. ३ सेकंदाला ६० वजा ४५, परत १५. ४ सेकंदाला ८० वजा ८०, शून्य, बॉल जमिनीवर.

आता मला सांगा, १ सेकंदाला बॉल कुठे होता? सगळ्यांनी एका सुरात १५ सांगितलं, छान. आता उलटं विचारते, बॉल १५ मीटरवर कधी होता? ... ऐकलंत ना, अर्धा हॉल १ म्हणाला आणि अर्धा ३ म्हणाला, आणि दोघंही बरोबर आहेत, कारण बॉल जाताना एकदा १५ वरून गेला आणि येताना परत एकदा.

फंक्शनचा सगळा जीव या दोन प्रश्नांतल्या फरकात आहे. पहिल्या प्रश्नाला नेहमी एकच उत्तर येतं, एक घाव दोन तुकडे. तुम्ही वेळ सांगा, उंची ठरलेली, कारण एकच बॉल एका क्षणी दोन उंचीवर असू शकत नाही. म्हणून उंची हे वेळेचं फंक्शन आहे. पण उंची सांगितली तर वेळ ठरत नाही, दोन उत्तरं येतात, म्हणून वेळ हे उंचीचं फंक्शन नाही. फंक्शन म्हणजे दिलेला शब्द आहे असं मी मानते: तू मला यातली कुठलीही एक गोष्ट दे, मी तुला तिकडची एक आणि एकच गोष्ट देईन, आणि तीच गोष्ट परत दिलीस तर उत्तर बदलणार नाही. जे या शब्दाला जागतं ते फंक्शन. मराठी पुस्तकांत याला फलन म्हणतात, पण तुमच्या तोंडी फंक्शन बसलंय तर मीही तेच म्हणते.

इथे एक गोंधळ हमखास होतो तो आत्ताच सोडवूया. १ आणि ३ या दोन वेगळ्या वेळांना उंची एकच आली, १५, मग शब्द मोडला का? नाही मोडला. दोघांना सारखं उत्तर मिळालं तर काही बिघडत नाही, एकाला दोन उत्तरं मिळाली तर बिघडतं. तुमच्यातल्या प्रत्येकाची एकच जन्मतारीख आहे, आता दोघांची तारीख एक असू शकते पण एकाच्या दोन तारखा असू शकत नाहीत, म्हणून माणसावरून जन्मतारीख हे फंक्शन झालं, आणि तारखेवरून माणूस हे नाही झालं. आणि बघा, या फंक्शनला कुठलंही सूत्र नाही! एक्सच्या जागी माणूस टाकून तारीख काढता येत नाही, तरी ते फंक्शन आहेच.

आता बॉलच्या सूत्रात वेळ ५ टाका. १०० वजा १२५, म्हणजे उणे २५. सूत्राने बिनदिक्कत उत्तर दिलं की बॉल जमिनीच्या खाली २५ मीटरवर आहे! सूत्राला बॉल माहीत नाही, मैदान माहीत नाही, ते फक्त गुणाकार वजाबाकी करतं. आपल्याला माहीत आहे की चौथ्या सेकंदाला खेळ संपला. म्हणून फंक्शन सांगताना नुसतं सूत्र पुरत नाही, कुठल्या किमती टाकायला परवानगी आहे तेही सांगायचं असतं, इथे ० पासून ४ पर्यंत, आणि या परवानगीच्या किमतींना डोमेन म्हणतात. जी उत्तरं प्रत्यक्षात बाहेर पडतात ती रेंज, इथे ० पासून २० पर्यंत. मुलं डोमेन हा शेवटी लिहायचा एका मार्काचा भाग समजतात, पण माझ्या मते तो अर्धं फंक्शन आहे, सूत्र तेच ठेवून डोमेन बदललं की फंक्शन बदललं. हे लक्षात ठेवा, शेवटी यावरच परत यायचंय.

आता चिन्हाकडे येते कारण निम्मी भीती चिन्हाची असते. एफ ऑफ एक्स, म्हणजे एफ आणि पुढे कंसात एक्स, ही लिहिण्याची पद्धत ऑयलर या गणितज्ञाने १७३४ च्या सुमारास वापरली, आणि फंक्शन हा शब्द त्याच्या आधी लायब्निझ या गणितज्ञाच्या १६७३ च्या लिखाणात सापडतो. चिन्ह दिसायला सुटसुटीत आहे पण त्यात एक फसवी जागा आहे, कारण आपण लहानपणापासून कंसाच्या बाहेर काही दिसलं की गुणायचं असं शिकलोय. इथे गुणाकार नाही. एफ हे नियमाचं नाव आहे आणि कंसात जे आहे ते त्या नियमाला दिलेलं आहे, बस. एफ ऑफ ३ म्हणजे एफ गुणिले ३ नव्हे, एफच्या नियमाला ३ दिल्यावर जे येतं ते.

हे मी इतकं ताणून का सांगतेय, तर अनेक वर्षं वह्या तपासताना एकच चूक मला इतक्या वेगवेगळ्या वेशात दिसलीय की आधी मला त्या वेगवेगळ्या चुकाच वाटायच्या. ए अधिक बी चा वर्ग बरोबर ए चा वर्ग अधिक बी चा वर्ग, ही एक. बेरजेचं वर्गमूळ बरोबर वर्गमुळांची बेरीज, ही दुसरी. मग एक भागिले ए अधिक बी याचे दोन तुकडे करणं, मग साइन ऑफ ए अधिक बी बरोबर साइन ए अधिक साइन बी, आणि पुढच्या वर्गात लॉगचंही तेच. प्रत्येक वेळी लाल पेनाने खोडायचं आणि वेगळं सूत्र पाठ करायला सांगायचं, असं चालायचं. खरं तर ही सगळी मिळून एकच चूक आहे, एफ ऑफ ए अधिक बी म्हणजे एफ ऑफ ए अधिक एफ ऑफ बी असं धरून चालणं, म्हणजे एफ ला गुणाकार समजणं.

तपासायला दोन आकडे पुरतात. वर्गमुळासाठी ९ आणि १६ घ्या. आधी बेरीज केली तर २५, त्याचं वर्गमूळ ५. आधी मुळं काढली तर ३ आणि ४, बेरीज ७. ५ आणि ७ एक नाहीत, संपला विषय. साइनसाठी ३० अंश आणि ६० अंश घ्या. बेरीज ९० अंश, साइन ९० म्हणजे १. वेगवेगळे काढलेत तर साइन ३० अर्धा आणि साइन ६० साधारण ०.८६६, बेरीज १ च्या कितीतरी पुढे, आणि साइन तर १ च्या वर कधी जातच नाही.

मग बेरजेचे असे तुकडे चालवून घेणारं फंक्शन आहे तरी कुठलं? दुप्पट करणारं आहे, तिप्पट करणारं आहे, एका ठरलेल्या आकड्याने गुणणारं कुठलंही. पण दुप्पट करून त्यात ३ मिळवणारं घ्या, ज्याचा ग्राफ छान सरळ रेषा येतो. १ ला ५ येतात, २ ला ७ येतात, ५ आणि ७ मिळून १२, आणि १ अधिक २ म्हणजे ३, त्याला मात्र ९ येतात. सरळ रेषासुद्धा नापास! का, तर प्रत्येक वेळी मिळवलेले ३ तुकडे केल्यावर दोनदा मोजले गेले. कंस बाहेरून फोडायचा हात शिवशिवेल तेव्हा हे ३ आठवा.

मगाशी म्हटलं की फंक्शनला सूत्र लागत नाही. हे आज मी सहज सांगून टाकलं पण मोठमोठ्या गणितज्ञांमध्ये यावरून वाद झालेत. ताणलेली तार मधे धरून बोटाने वर उचलली तर तिचा आकार कसा दिसतो? दोन सरळ रेषा आणि मधे एक कोपरा. ती सोडली की थरथरते. १७४७ मध्ये दालांबेरने या थरथरणाऱ्या तारेचं समीकरण सोडवलं, पण त्याचा आग्रह असा की तारेचा सुरुवातीचा आकार एका सलग सूत्राने लिहिता आलाच पाहिजे. ऑयलर म्हणाला की असं कसं, तार तर डोळ्यासमोर उचललेली आहे, तिला कोपरा आहे, हाताने काढलेली कशीही रेघ चालली पाहिजे. म्हणजे ज्याने आधी स्वतःच फंक्शन म्हणजे सूत्र असं लिहिलं होतं तोच तारेपायी पुढे सरकला, आणि १७५५ मध्ये त्याने व्याख्या बदलून एक राशी दुसरीवर अवलंबून असणं ही गोष्ट पुढे आणली. मला हे फार आवडतं, एका तारेमुळे व्याख्या बदलणं.

मग डिरिश्लेने १८२९ मध्ये कळसच केला. त्याच्या फंक्शनचा नियम एका ओळीचा आहे, आकडा परिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येणारा, असेल तर एक ठरलेली किंमत, अपरिमेय, म्हणजे तसा लिहिता न येणारा, असेल तर दुसरी, आपण १ आणि ० घेऊ. अर्ध्याला १, २ च्या वर्गमुळाला ०, पाय ला ०. कुठलाही आकडा एकतर परिमेय असतो नाहीतर अपरिमेय, दोन्ही कधीच नसतो, म्हणजे शब्द पाळला गेला, फंक्शन झालं. पण ग्राफ काढून दाखवा बघू! कुठल्याही दोन आकड्यांच्या मधे, ते कितीही जवळचे असोत, परिमेयही सापडतात आणि अपरिमेयही, त्यामुळे ग्राफ सतत १ आणि ० मधे उड्या मारतो आणि पेन्सिल टेकवायला जागाच मिळत नाही.

आणि सूत्र नसलेलं फंक्शन काही यांच्यापासून सुरू झालेलं नाही, फंक्शन हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी तक्ते होते. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ज्येचा तक्ता दिला, तुम्ही आज साइन म्हणता ती ज्या. पावणेचार अंशांच्या टप्प्याने ९० अंशांपर्यंत २४ किमती, आणि त्याने किमती न देता एका किमतीपासून पुढची किती वाढते ते दिलं: २२५, २२४, २२२, २१९, असे उतरते आकडे. बेरीज करत गेलं की २२५, ४४९, ६७१, ८९० अशा ज्या मिळतात, वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरून. कोन द्या, ज्या घ्या, एका कोनाला एकच. पुढे ज्या हा शब्द अरबीत जीबा झाला, स्वर न लिहिल्यामुळे जैब असा वाचला गेला, जैब म्हणजे घडी, त्याचं लॅटिनमध्ये सायनस झालं, आणि तिथून साइन. तुमच्या कॅल्क्युलेटरवर ते बटण आहे ना, ते इतका फेरा मारून आलंय.

आता मागून एक चिठ्ठी आली आहे, वाचते. "९ चं वर्गमूळ आम्ही ३ लिहितो, पण उणे ३ चा वर्गसुद्धा ९ आहे, मग एक उत्तर का टाकून देतात?" ज्या मुलीने लिहिलंय तिला सांगते की प्रश्न अगदी वर्मावर आहे. कशाचा वर्ग ९ असं विचारलं तर उत्तरं दोन, ३ आणि उणे ३, आणि समीकरण सोडवताना दोन्ही लिहायचीच. पण वर्गमुळाचं चिन्ह हे फंक्शन म्हणून वापरायचंय, आणि फंक्शनने दोन उत्तरं दिली तर शब्द मोडतो, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्या चिन्हाने ऋण नसलेलंच मूळ द्यायचं. उणे ३ खोटं ठरलेलं नाही, फक्त चिन्हाने एकाची निवड केलीय, आणि उणे हवं असेल तेव्हा आपण चिन्हाच्या आधी स्वतः उणे लिहितो.

आणि याच युक्तीने आपला बॉलही सुटतो, त्यासाठी तर मी तो ठेवला होता. उंचीवरून वेळ काढताना गाडी कुठे अडली, तर प्रत्येक उंचीवरून बॉल दोनदा जातो, फक्त सगळ्यात वरचा २० मीटरचा बिंदू सोडून. मग डोमेनच कापा. जातानाचा अर्धा प्रवास बाजूला ठेवा, बॉल माथ्यावर असताना, २ सेकंदाला, घड्याळ बघायला लागा आणि ४ ला थांबा. सूत्र तेच, डोमेन २ ते ४. आता बॉल फक्त खाली येतोय, प्रत्येक उंचीला एकदाच भेटतोय, आणि उलटा प्रश्न एकदम सरळ होतो: २० मधून उंची वजा करा, ५ ने भागा, वर्गमूळ घ्या, त्यात २ मिळवा. १५ टाकून बघा. २० वजा १५ म्हणजे ५, भागिले ५ म्हणजे १, वर्गमूळ १, अधिक २, उत्तर ३. आता अख्खा हॉल ३ च म्हणतोय.

जातानाचा भाग हवा असेल तर डोमेन ० ते २ घ्या आणि २ मध्ये मिळवण्याऐवजी २ मधून वर्गमूळ वजा करा. १५ ला १ मिळेल. १८.७५ मीटरला किती मिळतात ते दोन्ही बाजूंनी वहीत करून बघा, मी तोवर फळा पुसते.