पावतीपुस्तकाचं पहिलं पान

(दृश्य: गिरगाव. श्रावणातली ओली संध्याकाळ. चाळीचा लाकडी जिना. दोन मुलं वर चढतायत, एकाच्या हातात पावतीपुस्तक.)

निवेदन:
वर्गणी मागायला निघालेली ही पोरं पहिलं दार वाजवण्याआधीच एक काम उरकून आलेली असतात. पुस्तकातली पहिली पावती चाळीतल्या अशा माणसाच्या नावाने फाडायची, की त्याचा आकडा बघून पुढच्याला एक्कावन्न रुपये काढायची लाज वाटावी. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका स्थळप्रती चाळतात, 'खाली किती दिले?' म्हणून विचारतात आणि पाकिटाला हात घालतात.

ही युक्ती कुणी शिकवत नाही. जवळच्याच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय. इतक्या वर्षांत ती गिरगावच्या जिन्यांत मुरली आहे.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. एका मोहिमेचं पान, वर सरकणारा आकडा.)

इंटरनेटवर अनोळखी लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि एखादं काम उभं करायचं, याला आज क्राउडफंडिंग म्हणतात. मुंबईत हा शब्द ऐकला की आधी आठवतात ती इस्पितळाच्या बिलांची आवाहनं. पण अमेरिकेत २००९ साली किकस्टार्टर हे संकेतस्थळ सुरू झालं ते नव्या वस्तू आणि कलाकृतींसाठी. त्यातून अभ्यासकांच्या हाती घबाड लागलं. मामाने भाच्याला दुकानासाठी दिलेल्या पैशांची नोंद कुठल्या प्राध्यापकाला मिळणार? इथे मात्र कुणी, कधी, किती दिले, सगळं तारखेनिशी नोंदलेलं.

टोरांटो विद्यापीठाचे अजय अगरवाल आणि त्यांचे सहकारी ख्रिश्चन कॅटालिनी व अवी गोल्डफार्ब यांनी सेलाबँड या अॅमस्टरडॅमच्या संकेतस्थळाचा हिशोब तपासला. तिथे गायक-वादक अल्बमसाठी पन्नास हजार डॉलर जमवत. पैसे देणारा आणि कलाकार यांच्यातलं सरासरी अंतर निघालं सुमारे ५,००० किलोमीटर. म्हणजे जग जवळ आलं म्हणायचं? जरा थांबा. अगदी सुरुवातीचे पैसे येत होते ते गावातूनच, आणि त्यातही घरच्यांकडून, मित्रांकडून. लांबचे लोक आधी जमलेला आकडा बघत आणि मग हात सैल सोडत.

म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काकाच.

(दृश्य: लालबाग, मिरची गल्ली. लाल मिरच्यांचे ढीग, कांडप यंत्राची धडधड, नाकाला रुमाल लावलेलं गिऱ्हाईक.)

समजा, या गल्लीत वाढलेल्या एका मुलीला ओट्यावर मावेल असं छोटं कांडप यंत्र बनवायचंय. नमुना तयार आहे. साचे आणि पहिली शंभर यंत्रं, एवढ्यासाठी पैसे हवेत. बँक तारण मागते. तिचं घर आहे दहा बाय बाराचं, आणि तेही पागडीचं.

अमेरिकेतल्या व्हार्टन संस्थेचे इथन मॉलिक यांनी २०१४ साली किकस्टार्टरच्या साडेअठ्ठेचाळीस हजार मोहिमा तपासून जे लिहिलं, ते तिने वाचावं असं आहे. पडणाऱ्या मोहिमा काठावर पडत नाहीत, पार तोंडावर आपटतात. निम्मा टप्पा गाठून मग फसलेल्या मोहिमा, फसलेल्यांमधल्या शंभरात तीनच्या आसपास. जिंकणाऱ्या मात्र बहुतेक थोडक्यात जिंकतात. आणि फेसबुकवरचे मित्र मोजले, तर मध्यम आकाराच्या चित्रपटासाठी पैसे मागणाऱ्याला दहा मित्र असतील तेव्हा यशाची शक्यता ९ टक्के, शंभर असतील तर २०, हजार असतील तर ४०. मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही अपयशाशी जोडलेल्या आढळल्या. आमच्या मराठीच्या बाईंना हे कळायला हवं होतं.

आणखी एक शोध तिच्या कामाचा. जेसन ग्रीनबर्ग आणि मॉलिक यांना दिसलं की किकस्टार्टरवर स्त्रियांच्या मोहिमा पुरुषांच्या मोहिमांपेक्षा जास्त यशस्वी होतात. जिथे बायका मुळातच कमी, त्या तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तर इतर बायका मुद्दाम पाठीशी उभ्या राहतात. तिच्या आईची भिशी बारा जणींची आहे. पहिलं पान तिथे भरेल.

पण मधले दिवस कठीण. वेंकट कुप्पुस्वामी आणि बॅरी बेयस यांच्या अभ्यासात पैशांचा ओघ पहिल्या आठवड्यात दिसतो आणि शेवटच्या आठवड्यात. मध्ये शुकशुकाट. जो तो समजतो, दुसरा कुणीतरी देईलच.

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल. काचेच्या इमारती, दुपारची वर्दळ.)

आता एखाद्या अनोळखी माणसाने तिला विचारलं, 'यंत्र नको, तुझ्या कंपनीत हिस्सा दे,' तर? तिथे गाडी अडते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे खाजगी विक्रीत एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांना शेअर देऊ करता येत नाहीत, आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या इथल्याच सेबीने जून २०१४ मध्ये याबद्दल एक चर्चापत्र काढलं, आणि २०१६ साली, असे व्यवहार करणाऱ्या संकेतस्थळांना आमची मान्यता नाही, असा इशारा दिला. संकेतस्थळावरून अनोळखी लोकांकडून उसने पैसे घ्यायला वाट आहे. रिझर्व्ह बँकेने अशा संकेतस्थळांना २०१७ मध्ये नियम घातले, त्यानुसार एका देणाऱ्याकडून एका कर्जदाराला जास्तीत जास्त पन्नास हजार. बाकी उरतं ते आगाऊ पैसे घेऊन नंतर वस्तू देणं.

किंवा निखळ वर्गणी. मुंबईहून पुण्याला जाताना तळेगाव लागतं. तिथे १९०८ साली काच कारखाना निघाला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती, दर माणशी वर्षाला एक पैसा. टिळकांनी ती उचलून धरली आणि कारखाना चालवायला परदेशात काचेचं काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय आले. स्टार्टअप हा शब्द तेव्हा कुणाच्या गावी नव्हता.

(दृश्य: पुन्हा मिरची गल्ली. पोत्यावर उन्हात पसरलेल्या मिरच्या.)

पैसे जमले, की खरी परीक्षा सुरू होते. मॉलिकच्या अभ्यासात यशस्वी मोहिमांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी वस्तू उशिरा दिल्या. पुढे सुमारे ४७ हजार पैसे देणाऱ्यांना विचारून काढलेल्या हिशोबात ९ टक्के मोहिमांनी कबूल केलेलं दिलंच नाही. मला यात नऊपेक्षा उशिराची गोष्ट जास्त बोचते. वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये होतो. मार्चमध्ये देईन म्हटलेलं यंत्र जुलैत दारात आलं, तर मिरच्या वाळवायला ऊन कुठून आणायचं? आणि पहिल्या पानावरच्या त्या बारा जणी रोज नळावर भेटणार.

(दृश्य: गिरगाव. तिसरा मजला. दार उघडतं.)

मुलांनी पुस्तक पुढे केलं. आजींनी चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं, आकडा वाचला. मग पुस्तक मिटून हातातच ठेवलं आणि विचारलं, 'गेल्या वर्षीचा जमाखर्च कुठे लावलाय रे?'